तिसऱ्या तारखेच्या खाली काय लिहायचं?

ताई, प्रभूमध्ये सलाम.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही निसटलं तर सांगा. तुम्ही २९ वर्षांच्या, कोपरखैरण्याला आईबरोबर राहता, नोकरी ऐरोलीला. २०१६, २०१९ आणि २०२३ अशा तीन वेळा संजीवन सभेच्या (विश्वास नव्याने जागवणाऱ्या प्रार्थनासभेच्या) शेवटच्या रात्री तुम्ही पुढे गेलात, ‘हे सगळं आयुष्य तुझ्या सेवेला’ असं वचन दिलंत आणि घरी येऊन बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर तारीख घातलीत. पहिलं वचन दीडेक महिना टिकलं, दुसरं पावसाळा संपेपर्यंत. तिसऱ्या वेळी तारीख घालताना वरच्या दोन दिसल्या आणि रडू आलं. आता पुन्हा सभा जवळ आली आहे आणि तुम्हाला पुढे जायचीच भीती वाटते. म्हणून विचारलंत : मोडणार नाही असा निर्धार करायचा तरी कसा? आणि नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत उतरले तर तो टिकेल का?

मी गेली २४ वर्षं ठाणे-कळवा बाजूच्या एका लहान मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक आहे. त्याआधी ११ वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात पाळ्या केल्या. हा प्रश्न घेऊन दर वर्षी कुणी ना कुणी माझ्याकडे येतं, बहुतेक जानेवारीच्या शेवटी. वर्षअखेरच्या रात्री दिलेलं वचन तोवर विरलेलं असतं.

तुमच्या घरचा खर्च कसा चालतो, लग्नाचं नेमकं कुठवर आलंय, तुमच्या मंडळीतली माणसं कशी आहेत, हे मला ठाऊक नाही, आणि उत्तराचा निम्मा भाग त्यावर अवलंबून आहे. आणखी एक. सतत रडू येणं, झोप न लागणं, कशातच मन न रमणं असं काही सोबत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. ते निर्धाराच्या खात्यात मांडू नका. एका आजारी मनाच्या मुलाला मी आळशी समजून उपदेश केला होता, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. तुमचा निर्धार कच्चा पडला असं तुम्ही धरून चाललाय. मला अडचण वचनातच दिसते. ‘सगळं आयुष्य’ हे वचन म्हणजे कान नसलेली कढई. भरलेली आहे, तापलेली आहे, पण चुलीवरून उतरवायची तर धरायचं कुठे? सोमवारी सकाळी कोपरखैरण्याच्या फलाटावर ठाण्याची गाडी पकडताना ‘सगळं’ या शब्दाचं तुम्ही करणार काय? त्याला ना वार, ना वेळ, ना जागा. मग मन ते वचन भावनेवर मोजायला लागतं. आज त्या रात्रीसारखं वाटतंय का? नाही वाटत? म्हणजे मोडलं. खरं तर तुम्ही काही मोडलेलंच नसतं, कारण मोडण्याइतकं काही ठरलेलंच नव्हतं.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं बघा. बाकी सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही, असं तो छाती ठोकून म्हणाला. कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारून बसला. पुढे योहानाच्या २१व्या अध्यायात प्रभू त्याला भेटतो तेव्हा जुन्या फुशारकीची आठवण काढत नाही आणि नवी शपथही घालत नाही. माझ्यावर प्रीती करतोस काय, एवढंच विचारतो, आणि होकार येताच काम सांगतो : माझी कोकरं चार, माझी मेंढरं पाळ. तीनदा प्रश्न, तीनदा काम. मला हे पाळक झाल्यावरही बऱ्याच वर्षांनी दिसलं. तोवर माझं सगळं लक्ष त्या ‘तीनदा’वर असायचं.

माझी स्वतःची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही. १९८६ साली, २२ वर्षांचा असताना, नगर जिल्ह्यातल्या एका सभेत मी पुढे गेलो. उपदेशकाने विचारलं, कोण सगळं आयुष्य देणार? मी दोन्ही हात वर केले. पंधरा दिवसांत घरच्यांशी भांडून एका बायबल शाळेत दाखल झालो आणि सात महिन्यांत परत आलो. तिथे कुणी माझ्याशी वाईट वागलं नाही. पहाटेच्या घंटेला उठायचं, पाळीप्रमाणे पन्नास ताटं घासायची, खोलीतल्या तिघांशी जुळवून घ्यायचं, एवढंच होतं. मला प्रभूसाठी जीव द्यायची तयारी होती, ताटं घासायची नव्हती.

गावी तोंड दाखवायची लाज, म्हणून कळव्याला मामाकडे आलो आणि कारखान्यात लागलो. उपासनेला जायचो ते शेवटून दुसऱ्या रांगेत बसायला, आणि आशीर्वाद संपायच्या आत जिना उतरायला. आमची मंडळी तेव्हा एका शाळेच्या हॉलमध्ये जमायची. तिथे एक वयस्कर बाई होत्या, पूर्वी खेड्यापाड्यांतून बायबल वूमन म्हणून फिरलेल्या. सगळे त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्यांनी एकदा जिन्यातच गाठलं. मी माझं वचनमोडीचं रडगाणं सुरू केलं. त्या म्हणाल्या, ‘वचनाचं राहू दे बाबा. रविवारी सातला ये. सतरंज्या घालायला कोणी नाही.’

नऊ सतरंज्या होत्या. झटकायच्या, घालायच्या, उपासना झाली की गुंडाळून कपाटात ठेवायच्या. शनिवारी रात्रपाळी असली की रविवारी कारखान्यातून थेट यायचो, डबा हातात घेऊन. एकदा झोप लागली आणि साडेआठला धावत पोहोचलो. आत्याबाईंनी चार सतरंज्या घातल्या होत्या, पाच तशाच गुंडाळलेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, ‘उरलेल्या तुझ्या.’ लोक उभे होते, मी घातल्या. हे तीन वर्षं चाललं. त्यातल्या कधीतरी एका रविवारी लक्षात आलं की मी वचन आठवून येत नाहीये, पाय आपोआप तिकडे वळतायत. १९८६चं वचन मी कधी ‘पुन्हा’ दिलंच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. टिकणारा निर्धार सेवेच्या आधी येत नाही, सेवेच्या पोटी येतो. आपल्या सभांमधून हा क्रम उलटा शिकवला जातो. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात इब्री दासाचा नियम आहे. सहा वर्षं त्याने राबायचं, सातव्या वर्षी फुकट मोकळं व्हायचं. त्या वेळी तो म्हणाला की माझं धन्यावर प्रेम आहे, मला मोकळं व्हायचं नाही, तर त्याला दाराशी नेऊन आरीने त्याचा कान टोचायचा. मग तो कायमचा त्या घरचा. कायमचं वचन तिथे आहे, पण ते सहा वर्षं त्या घरची भाकर खाल्ल्यावर, धनी कसा आहे हे कळल्यावर. पहिल्या दिवशी कुणी आरी घेऊन दारात उभं राहत नाही.

आमच्या तरुण संघात हा भाग घेतला तेव्हा एका मुलीने मला थांबवलं. म्हणाली, ‘पाळकसाहेब, त्याची बायकोमुलं धन्याकडेच राहणार असतात. मग हे प्रेम की नाइलाज?’ तिचं बरोबर होतं. निर्गमातल्या नियमात ती गाठ आहे आणि मी ती आजवर गुळगुळीत करून सांगत होतो. बायबलमधल्याच अनुवाद या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात हाच नियम पुन्हा येतो, तिथे बायकोमुलांचा उल्लेख नाही. तुझ्याजवळ तो सुखात राहिला म्हणून तुझ्यावर प्रेम करतो, असं आहे. आणि मोकळा होणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवू नको, असंही. मी आता दोन्ही अध्याय जोडून शिकवतो. नाइलाजाने टोचलेल्या कानाची गोष्ट पुढे येतेच.

वसईचे एक फादर माझे जुने मित्र आहेत. त्यांच्याकडून मला कळलं की कॅथलिक धर्मसंघात जाणाऱ्या मुलीला आधी किमान १२ महिने नवशिकी म्हणून राहावं लागतं, मग किमान तीन वर्षांची तात्पुरती व्रतं, आणि त्यानंतर कायमची. हजारो वचनं मोडलेली पाहून शहाण्या झालेल्या लोकांनी केलेली ही व्यवस्था आहे. आपण प्रॉटेस्टंट मंडळी मात्र गाण्याच्या तिसऱ्या कडव्याला माणसाकडून अख्खं आयुष्य मागतो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त नावं घेतली जातात ती पंडिता रमाबाई आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांची. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३चा, इंग्लंडमधला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे त्यांना त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगलं, आणि हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. मधल्या काळात त्या हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं होतं, मुली सांभाळत होत्या. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. मिशनचं पगारी काम सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा करायला ते निघाले ते १९१७ मध्ये, २२ वर्षांनी. आपण सभेत या दोघांच्या शेवटच्या पायरीची साक्ष ऐकतो आणि पहिल्या पायरीवर उभं राहून तिच्याएवढी उडी मारायला बघतो.

आता तुमच्या तीन तारखा. ते पान फाडायचं मनात येतं असं तुम्ही लिहिलंय. फाडू नका. एकेक तारीख वेगळी काढून बघा, तिन्ही सारख्या नाहीत.

२०१६ मध्ये तुमचे वडील अतिदक्षता विभागात होते. तुम्ही त्या रात्री जे बोललात तो नवस होता. आपल्या मराठी बायबलमध्ये शब्दही ‘नवस’ हाच आहे आणि आपल्या मातीत त्याचा अर्थ सांगायला नको : तू हे कर, मी ते फेडीन. बायबलमधल्या इफ्ताह या सेनापतीने असाच सौदा केला आणि त्याची किंमत त्याच्या मुलीने भरली. फादरांकडूनच मला कॅथलिक कायद्याचं एक कलम कळलं. देवाला दिलेलं वचन विचारपूर्वक आणि मोकळ्या मनाने दिलेलं हवं, शक्य असलेल्या चांगल्या गोष्टीचं हवं, आणि गंभीर, अन्याय्य भीती घालून किंवा फसवून घेतलेलं वचन बंधनकारकच नाही. आपल्यावर तो कायदा लागू नाही, आणि तुम्हाला त्या रात्री कुणी भीती घातलीही नव्हती. पण मोकळ्या मनाची अट मला पटते. बाप वाचावा म्हणून मुलीने फोडलेला तो टाहो होता. त्याला प्रार्थना म्हणा, कर्ज म्हणू नका. वडील गेले याचा आणि वचन मोडल्याचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या लिहिण्यात ते मला दिसलं, म्हणून स्पष्ट सांगतो.

२०१९ मध्ये मैत्रिणी उठल्या म्हणून तुम्ही उठलात. त्याला फार महत्त्व देऊ नका. तरुणपणी असं होतं, आणि उपदेशकही ‘अजून तीन जण आहेत, मला दिसतायत’ असं म्हणत राहतात. मीही म्हटलंय.

२०२३ची तारीख मात्र मला खरी वाटते. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती, मागायचं काही नव्हतं, आणि तुम्ही एकट्या उठलात. ते वचन मोडलेलं नाही, नुसतं पडून आहे. त्याला कान बसवायचे आहेत.

नवस फेडायला उशीर करू नको, या बायबलमधल्या ‘उपदेशक’ नावाच्या पुस्तकातल्या वचनाची तुम्हाला भीती वाटते. तोच अध्याय वरपासून वाचा. देवाच्या घरी जाताना पाऊल सांभाळून टाक आणि तुझे शब्द थोडे असू दे, अशी त्याची सुरुवात आहे. शब्द थोडे! म्हणून येत्या सभेत पुढे जायचं की नाही, याचं माझं उत्तर असं : प्रार्थनेसाठी जायचं तर जा, पण या वर्षी चौथं वचन देऊ नका.

त्याऐवजी एक काम घ्या. एकच. या ईस्टरपासून पुढच्या ईस्टरपर्यंत. आयुष्यभराचं नाव काढू नका. प्रेषितांच्या कृत्यांत पौल किंख्रियाला केस कापतो, कारण त्याचा नवस होता. नाजीराचं, म्हणजे देवाला वाहून घेतलेल्या माणसाचं, व्रतही ठराविक दिवसांचं असे, आणि दिवस भरले की ते विधिपूर्वक संपवायचं. मुदतीचं व्रत कमी प्रतीचं असतं, हा समज पवित्र शास्त्रातला नाही.

काम कसं निवडायचं यावर माझी एकच कसोटी आहे : तुम्ही गेला नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे, शक्यतो त्याच दिवशी. माझ्या सतरंज्यांचं तेच होतं. ‘रोज देशासाठी प्रार्थना करीन’ हे उत्तम आहे, पण तुम्ही केली नाहीत तर देशाला पत्ता लागत नाही. आमच्याकडे बँकेतला एक माणूस दर रविवारी दोन म्हाताऱ्या बायकांना रिक्षाने उपासनेला आणतो आणि परत सोडतो. तो आला नाही की त्या दोघी साडी नेसून दारात बसून राहतात, हे त्याला माहीत आहे, म्हणून तो आठ वर्षं येतो. एक शिक्षिका मंडळीचा जमाखर्च लिहिते. एक मुलगा दर गुरुवारी संध्याकाळी रुग्णालयाबाहेर बसलेल्या नातेवाइकांपैकी कुणाला चहा हवा, कुणाला औषध आणून हवं, एवढं बघतो. तो प्रार्थना करतो ती मागितली तरच. त्याचा परिणाम माझ्या प्रवचनापेक्षा जास्त होतो असं मला अधूनमधून वाटतं, आणि त्यात थोडा मत्सरही असतो.

तुमचा आवाज चांगला आहे आणि गायनवृंदात जावं असं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या वर्षी नको. गायनवृंदात माणूस स्वतःच्या आवडीपायी टिकतो, आणि आवड दुखावली की जातो. शिवाय मंडळीतली अर्धी भांडणं तिथेच उगवतात, पण ते जाऊ दे. आधी कुणाला नको असलेलं काम घ्या. शब्बाथ शाळेत (मंडळीच्या रविवारच्या बायबल-वर्गांत) सर्वांत लहान मुलांचा वर्ग बहुधा रिकामा असतो, विचारून बघा.

काम ठरलं की पान उघडा आणि तिसऱ्या तारखेच्या खाली पेन्सिलीने लिहा : काम कोणतं, कोणत्या वारी, किती वाजता, कुठे, आणि कधीपर्यंत. ‘सगळं’ हा शब्द लिहायचा नाही.

वैयक्तिक प्रार्थनेबद्दल थोडंच सांगतो, कारण त्याविषयी तुम्ही भरपूर ऐकलं असेल. पहाटे चारला उठायचं वचन देऊ नका. कोपरखैरण्याहून ऐरोलीला जाताना मध्ये घणसोली आणि रबाळे एवढीच स्टेशनं. तेवढ्यात एक लहान स्तोत्र दोनदा वाचून होतं. जाताना वाचा, येताना तेच पुन्हा. गर्दीत मोबाइल काढता येत नसेल तर पाठ असलेलं म्हणा. २३वं स्तोत्र महिनाभर रोज म्हटलंत तरी काही बिघडत नाही.

एक साक्षीदार हवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर जाहीर करू नका, स्टेटसला तर मुळीच ठेवू नका. शाबासकी आधीच मिळाली की काम करायची निकड कमी होते. मंडळीतली एखादी वयाने मोठी, संसारी, कमी बोलणारी बाई शोधा. तिला महिन्यातून एकदा सांगायचं : गेले, किंवा नाही गेले. तिने उपदेश करायचा नाही, ही अट आधीच घाला. पाळकाला साक्षीदार करू नका. आम्हाला लगेच प्रवचन सुचतं.

चुकणार तुम्ही. मार्चअखेर येईल, आई आजारी पडेल, कंटाळा येईल. म्हणून परत यायचं कसं, हे आजच ठरवून ठेवा : साक्षीदाराला एक वाक्य, आणि पुढच्या वारी त्याच वेळी त्याच जागी. मधल्या अनुपस्थितीसाठी मोठी पश्चात्तापाची प्रार्थना रचत बसू नका. चुकल्यानंतर मी नेहमी तेच करायचो, आणि ती प्रार्थना पुरेशी भिजलेली होईपर्यंत तोंड दाखवायचो नाही. पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर सेवेला निघालेला योहान मार्क पंफुल्याहून काम अर्धवट टाकून परत गेला. त्याच्यावरून त्या दोघांची फारकत झाली, इतकं ते प्रकरण पेटलं. तोच पौल अखेरच्या पत्रात लिहितो की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत मार्काने पुन्हा वचन दिल्याचं कुठे लिहिलेलं नाही. त्याच्या हातून काम होत राहिलं असावं, एवढंच कळतं.

वर्ष संपलं की थांबा आणि बघा. पुढे चालू ठेवायचं, की दुसरं काम घ्यायचं, की नाही. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने १७५५ मध्ये लंडनला देवाशी केलेल्या कराराची उपासना सुरू केली. मेथडिस्ट मंडळ्या वर्षाच्या सुरुवातीला तो करार दर वर्षी पुन्हा करतात. मी मेथडिस्ट नाही, पण दर वर्षी पुन्हा करायची ही कल्पना मला माणसाच्या स्वभावाला धरून वाटते. आमच्याकडे पूर्वी ३१ डिसेंबरच्या रात्री सर्वांना समर्पणाची कार्डं वाटायचो. ती फेब्रुवारीत झाडू मारताना बाकांखाली सापडायची. आता कार्ड देतो ते वर्षभर एखादं काम केलेल्यांनाच. संख्या घटली, कार्डं सापडायची बंद झाली.

राहिला पूर्णवेळ सेवेचा प्रश्न. तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझं उत्तर ‘आत्ता नाही’ असं आहे. नोकरी सोडल्याने निर्धार टिकत नाही, फक्त परतीची वाट अवघड होते, आणि ती अवघड झाल्याने टिकून राहणं म्हणजे तोच नाइलाजाने टोचलेला कान. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे प्रभूनेच सांगितलंय. तुम्हीही खरोखर वही घेऊन बसा : भाडं किंवा हप्ता, आईची औषधं, आणि तुमच्याशिवाय घरात येणारा पैसा. ‘प्रभू पुरवील’ हे खरं आहे, पण तुमच्या निर्णयाचा भार आईने न विचारता उचलावा असा त्याचा अर्थ होत नाही. कुणी उपदेशक सभेत उभं करून नोकरी सोडायचं वचन मागत असेल, किंवा त्या वचनाबरोबर देणगीचा आकडा जोडत असेल, तर तिथून उठा.

कधी ‘होय’ म्हणेन तेही सांगतो. वर्ष-दोन वर्षांनी तुम्ही केलेलं काम नोकरीच्या वेळात मावेनासं झालं, तुम्ही न मागता मंडळीतल्या जबाबदार माणसांनी विषय काढला, आणि घरातलं गणित जमलं, तर या. त्यातलं एक असलं आणि दोन नसली तर थांबा. माझ्या बाबतीत हे घडायला सतरंजीपासून दहा-अकरा वर्षं लागली. दरम्यान नोकरी सांभाळून बायबलचा अभ्यास करायचे मार्ग आहेत, ते तुमच्या पाळकांना विचारा.

आणि ठाण्याजवळच राहता म्हणून एक जुनी गोष्ट. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांचा सोबती, जोर्दानस नावाचा डोमिनिकन साधू, त्या वेळी गावात नव्हता. बातमी कळल्यावर त्याने त्यांचे देह मिळवून सोपाऱ्याला पुरले, आणि पुढची काही वर्षं तो याच किनाऱ्यावर राबत राहिला. त्याच्या पत्रांत एकटेपणाची आणि हालांची सरळसरळ तक्रार आहे. पुढे १३२९ मध्ये पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमलं. हुतात्म्यांवर मी बरीच प्रवचनं दिली, या पाचव्या माणसावर एकही नाही. तक्रार करत का होईना, तो तिथे होता. पूर्णवेळ सेवा म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर आता तो येतो.

लग्नाचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, की स्थळं बघतायत आणि सेवेचं बोललं तर मुलाकडचे मागे हटतील. पहिल्या भेटीत सांगा, पण ‘माझं आयुष्य प्रभूला वाहिलंय’ असं नको. ‘रविवारी सकाळी मी मुलांचा वर्ग घेते, तो चालू ठेवायचा आहे’ असं सांगा. पहिलं ऐकून माणूस घाबरतो किंवा भारावतो, आणि दोन्ही तुमच्या कामाचं नाही. दुसऱ्यावर तो होय किंवा नाही म्हणू शकतो. टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांच्यापासून दूर काढावी लागलेली वर्षं आठवा. त्यांची गोष्ट पुढे सुंदर झाली, पण त्या वर्षांची किंमत ती भरणाऱ्या बाईला विचारून ठरली नव्हती.

तुम्ही सगळं सविस्तर लिहिलंत, पण आईला दवाखान्यात कोण नेतं आणि कोणत्या वारी, ते लिहिलं नाहीत. तेवढं कळवा. तो वार सोडून कामाचा वार ठरवू.